नवव्या रकान्यातलं ‘नाही’

१७ एप्रिल, गुरुवार

‘नाही’ लिहिलं. माझ्या हाताने, माझ्या अक्षरात.

आठ फॉर्म होते. रिंग रोडकडे औषधांचं एक मोठं गोदाम आहे, त्यांना आठ मुली हव्या आहेत – खोके स्कॅन करायला, बिलं काढायला, पॅकिंगला. आमच्या संस्थेच्या या बॅचच्या आठही जणींना बोलावलं. फॉर्म इंग्रजीत. मुलींना कॉम्प्युटर येतो, पण इंग्रजी फॉर्म समोर आला की हात थांबतो. म्हणून दरवेळी मीच भरते, त्या सही करतात. अकरा वर्षं झाली, शंकर नगरच्या या ऑफिसात हेच करून राहिले – वस्तीतल्या पोट्ट्यांना शिकवायचं आणि नोकरीच्या दारापर्यंत नेऊन सोडायचं.

नववा रकाना – काही जुना आजार आहे का?

सात जणींचं एका दमात झालं. आठवी खिलेश्वरी. पेन थांबलं. तिला सिकलसेल आहे – रक्ताचा जन्मजात आजार. फेब्रुवारीत तिनेच सांगितलं, सरकारी हॉस्पिटलचं कार्ड दाखवून. रोजची गोळी, सतत पाणी, ऊन आणि थंडी दोन्ही सांभाळायची. नाही सांभाळलं तर हाडं दुखतात – ‘अंदर हथौड़ा चलता है, दीदी.’ सांभाळलं तर ती कुणाहीसारखी. बी.कॉम. झालेली, बॅचमध्ये सगळ्यात पुढे.

दोनदा खरं सांगून पाहिलंय तिने. सदर बाजारातल्या कपड्याच्या दुकानात मुलाखतीतच सांगितलं. ‘फोन करेंगे.’ तो फोन अजून यायचाय. मग एका शाळेच्या ऑफिसात लागली, महिन्याभराने सांगितलं. ‘बेटा, तुम घर पे आराम करो.’

आज टेबलावर वाकून हळूच म्हणाली, ‘इस बार मत लिखो, दीदी. पहले मेरा काम तो देख लें.’

बाकीच्या मागे उभ्या. यज्ञेश्वर सर दारात – संस्था तेच चालवतात. ‘मंजिरीताई, झालं का? फॉर्म न्यायला माणूस खाली थांबलाय.’

लिहिलं. इंग्रजीत तर दोनच अक्षरं.

१८ एप्रिल, शुक्रवार

नवऱ्याला, नीलकंठला, सांगितलं नाही. तो विचारेल – काहून? तिच्यासाठी लिहिलं, की संस्थेच्या जूनच्या अहवालात आठांपैकी आठ लागल्या असं दाखवता यावं म्हणून? दोन्ही. खरं सांगायचं तर दोन्ही.

२३ एप्रिल, बुधवार

आठही घेतल्या! वजन, डोळे, बीपी – एवढंच तपासलं म्हणे. सरांनी ऑफिसात जिलबी मागवली. खिलेश्वरी हसत होती, पण माझ्याकडे पाहिलं की तिचं हसणं जरा कमी व्हायचं.

दुपारी मुलींना घेऊन गोदाम पाहायला गेले. पत्र्याचं उंच छप्पर, मोठे पंखे, रांगेने रॅक. तिथल्या एचआर मॅडम – शर्मिष्ठा. पस्तिशीच्या असतील, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी नियम सांगितले. मोबाइल बाहेर. पायात बंद बूट. आणि – आत पाण्याची बाटली न्यायची नाही, औषधाचे खोके भिजतात. पाणी तीन वेळा. साडेअकरा, दीड, चार. मधे बाहेर जायचं तर सुपरवायझरकडून टोकन घ्यायचं.

मी खिलेश्वरीकडे पाहिलं नाही. तीही माझ्याकडे पाहत नसावी.

विचारता आलं असतं मला. ‘मॅडम, एखादीला जास्त पाणी लागलं तर?’ साधा प्रश्न होता. पण त्याच्यानंतर पुढचा प्रश्न आला असता.

२४ एप्रिल, गुरुवार

तिला एकटीला बोलावलं. म्हटलं, अजून वेळ आहे, मी जाऊन सांगते. तिने ऐकूनच घेतलं नाही. तिचं सगळं ठरलेलं – घरून निघताना एक लिटर, गेटवर एक लिटर, आणि टोकन मागायची लाज बाळगायची नाही. ‘बावीस साल से सँभाल रही हूँ दीदी, आप दो महीने से जानती हो.’

बरोबर आहे. 

८ मे, गुरुवार

गोदामात भेट. लागल्यावर पहिल्या महिन्यात जाऊन पाहावं लागतं, अहवालाचा भाग आहे. शर्मिष्ठा मॅडम खुश. ‘आपकी खिलेश्वरी सबसे तेज़ है.’ पडद्यावर आकडे दाखवले – स्कॅनमध्ये एकही चूक नाही. सुपरवायझरच्या मदतीला घ्यायचा विचार आहे म्हणाल्या.

ती लांबून हात हलवत होती. ओठ सुकलेले वाटले. की मलाच तसं दिसून राहिलंय?

बाहेर येताना हळूच विचारलं, टोकन मिळतं का? ‘मिळतं. पण मागितलं की सगळ्या बघतात. दिवसातून दोनदा मागते. तिसऱ्यांदा नाही मागवत.’

११ मे, रविवार

पुरानी बस्तीत तिच्या घरी गेले. बोलावलं होतं, नाही म्हणता आलं नाही. एक खोली, मागे अंगण, अंगणात माठ. आई भीमाबाई – दोन घरचा स्वयंपाक करते. वडील नाहीत. मोठा भाऊ होता. अकरा वर्षांचा होऊन गेला. हाच आजार. फोटो भिंतीवर आहे, शाळेच्या गणवेशातला.

भीमाबाईला मुलीने नोकरी करायलाच नको होती. ‘घरी राहिली तर डोळ्यासमोर राहते.’ मग चहाचा कप माझ्यापुढे ठेवून त्यांनी इथल्या बोलीत, छत्तीसगढीत, विचारलं – ‘कंपनी वाला मन जानथें न?’ कंपनीवाल्यांना माहीत आहे ना?

खिलेश्वरी जमिनीकडे पाहत होती.

मी म्हटलं, ‘हव. जानथें.’

त्या बाईचा चेहरा सैल पडला. माझ्या पायाला हात लावायला निघाली, मी उठून उभी राहिले. चहा तसाच राहिला.

कागदावर दोन अक्षरं लिहिली, ते एक वेळ समजू शकते. पण हे? मूल गेलेल्या बाईला तोंडावर खोटं सांगून आले.

१२ मे, सोमवार

काही लिहावंसं वाटत नाही.

२२ मे, गुरुवार

ऊन भयंकर. तीन दिवसांनी नवतपा लागेल – वर्षातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस – तेव्हा काय होईल! खिलेश्वरीला रोज दुपारी मेसेज करते – पाणी? ती दीडच्या सुट्टीत अंगठा पाठवते. अंगठा आला की मी जेवते. श्रावणी चिडवते, ‘मम्मी, मुझे तो आप एक बार भी नहीं पूछते.’ पोरगी मराठी समजते सगळं, उत्तर मात्र हिंदीतच.

२७ मे, मंगळवार

आज अंगठा आला नाही.

एक वाजून वीस मिनिटांनी शर्मिष्ठा मॅडमचा फोन. ‘आपकी लड़की गिर गई है.’

हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा ती स्ट्रेचरवर होती. हातपाय आखडलेले, दात दाबून धरलेले. ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. सलाईन लावलं, ऑक्सिजन लावला, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरीण तरुण होती. कार्ड पाहिलं आणि एकच विचारलं – ‘पाणी कधी प्यायलीस शेवटचं?’

साडेआठला. गेटवर. मोठा ट्रक लागला म्हणून साडेअकराची सुट्टी कापली होती. हिने टोकन दोनदा मागितलं. ‘अभी रुको.’ त्या पत्र्याखाली साडेचार तास.

कार्ड तिच्या बॅगेतून शर्मिष्ठा मॅडमनीच काढलं होतं, नातेवाइकाचा नंबर शोधताना. त्या तिथेच होत्या, हातात फाइल. घाबरलेल्या होत्या – हेही लिहायला पाहिजे. पण घाबरलेला माणूस आधी कागद पाहतो. फाइलमधून तो फॉर्म काढला आणि नवव्या रकान्यावर बोट ठेवलं. ‘यहाँ तो नो लिखा है. फॉर्म किसने भरा?’

मी तोंड उघडलं. उघडलं होतं, नक्की. पण आवाज यायच्या आत स्ट्रेचरवरून आवाज आला –

‘मैंने.’

आणि मी तोंड मिटलं.

२८ मे, बुधवार

दुखणं थोडं कमी. रक्ताची एक बाटली द्यावी लागली.

भीमाबाई पलंगाच्या कडेला बसलेल्या. मला पाहून उठल्या नाहीत. आवाज न चढवता म्हणाल्या – ‘तुमन तो कहे रेहेव, जानथें कहिके.’ माहीत आहे म्हणाला होतात तुम्ही.

एवढंच. परत मुलीचे पाय चोळायला लागल्या.

मी पंधरा मिनिटं उभी होते. कुणी बस म्हटलं नाही, आणि म्हणायचं कारणही नव्हतं.

२९ मे, गुरुवार

कंपनीची दोन पत्रं आली. एक खिलेश्वरीला – खोटी माहिती दिली, सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर काढून टाकू आणि तसं रेकॉर्डवर राहील. दुसरं संस्थेला – बाकी सात मुलींचे फॉर्मही पुन्हा तपासणार, तोवर तुमच्याकडून नवीन भरती बंद.

यज्ञेश्वर सरांनी दार लावून घेतलं. ‘मंजिरीताई, फॉर्म तुम्ही भरता हे मला माहीत आहे. तुम्हाला आजाराचं माहीत होतं का, हे मी विचारत नाहीये. कळलं ना? मी विचारत नाहीये.’

कळलं.

‘ती मुलगी स्वतः म्हणतेय तिने भरला. तर ते तिथेच राहू द्या. सात घरांचा प्रश्न आहे.’

सर वाईट माणूस नाहीत. बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या घरच्या ओसरीवर चार मुलांना टायपिंग शिकवून सुरुवात केली त्यांनी. त्यांना संस्था वाचवायची आहे. आणि सात घरं खरीच आहेत – मी प्रत्येक घरी जाऊन आलेय.

पण आठवं घरही पाहिलंय मी.

३० मे, शुक्रवार

नीलकंठने आज धरलंच. रेल्वेच्या ऑफिसातून आला, डबा ओट्यावर ठेवला आणि समोर बसला.

‘तीन दिवसांपासून पाहून राहिलो. पोळी तव्यावर जळून राहिली अन् तुले पत्ता नाही. काय झालं?’

सांगितलं. सगळं. एप्रिलपासूनचं.

त्याने बूट काढून बाजूला सारले. मग – ‘पोट्टी काहून म्हणाली, मीच भरला म्हणून?’

‘मला वाचवायला.’

‘अन् तू?’

त्याने आरडाओरडा केला असता तर मला भांडता आलं असतं. उठून त्याने स्वतःच पोळ्या लाटायला घेतल्या. वाकड्यातिकड्या. आम्ही तिघांनी खाल्ल्या.

झोपायला जाताना म्हणाला, ‘बोलशील तर नोकरी जाईल तुही. हे धरून चाल. मग ठरव. मले दोन्ही चालते. पण असं रोज थोडं थोडं मरणं पाहवत नाही.’

१ जून, रविवार

ठरवलं – सांगणार. दुपारी ठरवलं – नाही. संध्याकाळी परत सांगणार. लाज वाटते स्वतःची.

२ जून, सोमवार

तिला घरी सोडलं आज. रिक्षात मी शेजारी. भीमाबाई पलीकडे बसून बाहेर पाहत होत्या.

घरी टेकल्यावर तिला म्हटलं, मी गुरुवारी कंपनीत जाऊन खरं सांगते. मला वाटलं ती रडेल, निदान गप्प राहील. ती चिडली!

‘आप मत बोलना. तुम्ही बोललात की संस्था खोटी ठरेल. मग त्या सात जणींना कोण ठेवेल? माझं तर गेलंच आहे, दीदी. तिसऱ्यांदा गेलं. मला सवय आहे.’

मला सवय आहे! बावीस वर्षांची मुलगी हे म्हणते.

मी म्हटलं, ‘रेकॉर्डवर खोटारडी म्हणून राहील तुझं नाव.’

‘और आपका रहेगा तो?’

मग उशीखालून एक कागद काढला. त्या तरुण डॉक्टरणीने लिहून दिलेला. २०१६चा दिव्यांगांचा कायदा आहे, त्याच्या यादीत सिकलसेलही आहे. मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं मुलांना नोकऱ्या लावून राहिले आणि हे माहीत नव्हतं. खाली डॉक्टरणीने लिहिलं होतं – बसून काम, सावली, पाणी जवळ. एवढं असेल तर ही मुलगी कुणाइतकंही काम करू शकते.

‘खुलासा मी देणार. पत्राने नाही, तोंडाने. मला बोलायचं आहे. तुम्ही फक्त सोबत या.’

५ जून, गुरुवार

सगळं जसं झालं तसं लिहून ठेवते. उद्या विसरले तर माझ्या सोयीचं तेवढंच आठवेल.

अकराला पोचलो. शर्मिष्ठा मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही तिघं – सर, मी, खिलेश्वरी. तिचा हात सलाईनच्या जागी अजून काळानिळा. पिवळी ओढणी. पाण्याची बाटली टेबलावर ठेवली तिने, सगळ्यांना दिसेल अशी.

शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या, ‘बोलो.’

ती उठून उभी राहिली. मी तिला मुलाखतीसाठी शिकवलं होतं तशी – खांदे सरळ, हात समोर.

‘मैडम, मला आजार आहे, हे मी लपवलं. चुकलं. याआधी दोन ठिकाणी खरं सांगितलं होतं – एकीकडे घेतलं नाही, दुसरीकडून काढलं. म्हणून लपवलं. पण त्या दिवशी मी आजाराने पडले नाही. आजार माझ्यासोबत बावीस वर्षं आहे. मी पाण्याने पडले. साडेचार तास पाणी नव्हतं. त्याच्या आदल्या दिवशी दोन मुलींना उलट्या झाल्या – त्यांना सिकलसेल नाही. तुमच्या रजिस्टरमध्ये असेल, पाहा. भिंतीजवळ रॅक करा, बाटल्या तिथे ठेवू द्या. खोके भिजणार नाहीत. आणि चार आठवड्यांत माझ्या स्कॅनमध्ये एक चूक असेल तर दाखवा.’

शर्मिष्ठा मॅडमनी रजिस्टर खरंच मागवलं. पाहिलं. मिटलं. काही वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत बसल्या.

मग म्हणाल्या – पाण्याचं मी बघते. पण फॉर्म हा फॉर्म. आणि फॉर्म पुढे केला. ‘मुझे एक बात समझ में नहीं आती. आठों फॉर्म एक ही हाथ के लिखे हैं.’

सर खुर्चीत जरा पुढे सरकले. ‘मॅडम, मुली एकमेकींना मदत –’

‘मैंने भरे,’ खिलेश्वरी म्हणाली. ‘आठों.’

शर्मिष्ठा मॅडमनी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. वर पेन ठेवलं. ‘लिखो. अपना नाम, पता. और नो.’

ती खाली बसली. पेन उचललं. तो काळानिळा हात. कागदावर टेकलेलं टोक मी पाहिलं – ती माझं अक्षर आठवायचा प्रयत्न करत होती. माझ्यासारखा एन कसा काढायचा, ते आठवत होती. फळ्यावर चार महिने पाहिलं होतं तिने.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मान हलवली. अगदी थोडी. नको.

मी म्हटलं, ‘ते अक्षर माझं आहे.’

परत म्हटलं. ‘आठही फॉर्म मी भरले. हिला आजार आहे हे मला फेब्रुवारीपासून माहीत होतं. तो नो मी लिहिला. सरांना माहीत नव्हतं. बाकी सातांमध्ये काही खोटं नाही, हव्या तर सगळ्यांच्या तपासण्या करा. त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तुम्ही विचारलं तेव्हाही मी गप्प बसले. ही दुखण्यात होती आणि मी गप्प बसले.’

खिलेश्वरीने पेन खाली ठेवलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला.

शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या, हेड ऑफिसला कळवते, सोमवारी सांगते. आम्ही उठलो. दारात असताना त्यांनी मला थांबवलं. ‘मैडम, आपने मुझे बता दिया होता तो?’

‘तर तुम्ही तिला घेतलं असतं?’

त्यांनी विचार केला. खरंच केला. ‘शायद नहीं,’ म्हणाल्या.



९ जून, सोमवार

निरोप आला.

सात मुली राहतील. भिंतीजवळ रॅक होईल, बाटल्या तिथे चालतील. टोकन बंद. सुट्टी कापायची नाही. खिलेश्वरीवरचं ‘खोटी माहिती’ काढून टाकलं.

पण तिला परत घेणार नाहीत. ‘मेडिकल फिटनेस आल्यावर पाहू.’ हे ‘पाहू’ कसं असतं ते ठाऊक आहे मला. ज्या पाण्यासाठी ती बोलली ते सगळ्यांना मिळालं, तिला सोडून.

आणि संस्थेशी पुढे काम चालू ठेवायचं तर मंजिरी नावाची बाई मधे नको.

सरांनी मला बसवलं, पंखा वाढवला, चहा सांगितला. तेव्हाच समजले. ‘मंजिरीताई, मी तुम्हाला काढत नाहीये. तुम्ही स्वतःच लिहून दिलंत तर –’ त्यांचे डोळे भरले होते. चहा येण्याआधी लिहून दिलं मी.

खिलेश्वरीला मीच फोन केला, दोन्ही गोष्टी सांगितल्या. आधी माझी ऐकून रडली. स्वतःची ऐकून नाही.

भीमाबाईने फोन घेतला. मी म्हटलं, ‘त्या दिवशी मी खोटं बोलले तुमच्याशी.’ मग म्हणाल्या, ‘हव. घर आबे कभू.’ ये कधी घरी.

माफ केलं म्हणाल्या नाहीत. घरी ये म्हणाल्या. तेवढं पुरे.

१६ जून, सोमवार

नीलकंठ ऑफिसला, श्रावणी कॉलेजला. दहा वाजता सवयीने साडी बदलून तयार झाले, मग आठवलं.

संध्याकाळी श्रावणी लॅपटॉप घेऊन बसली. ‘मम्मी, आपका बायोडाटा बनाते हैं.’ वय चव्वेचाळीस. अनुभव अकरा वर्षं. आधीची नोकरी का सोडली? तिने माझ्याकडे पाहिलं. ‘क्या लिखूँ?’

म्हटलं, आज राहू दे.

किती पोरांना सांगितलं असेन मी – नोकरी गेली म्हणजे तुम्ही गेला नाहीत. सांगायला काही लागत नाही. घरात बसून दुपार ढकलायला मात्र ताकद लागते.

१९ जून, गुरुवार

गोदामातल्या एका मुलीने फोटो पाठवला. भिंतीजवळचा रॅक. बाटल्यांची रांग, प्रत्येकीवर नाव लिहिलेलं. एकेक नाव वाचलं. शर्मिष्ठा मॅडमचीही एक बाटली आहे त्यात.

खिलेश्वरीला पाठवू की नको, ठरत नव्हतं. पाठवला. तिने अंगठा पाठवला.

२४ जून, मंगळवार

खिलेश्वरी आली होती. सरांनी तिला बोलावून घेतलंय – माझ्या जागेवर. समोर बसवून आजाराचं सगळं विचारलं, डॉक्टरणीचा कागद फाइलला लावला आणि विचारलं, कधीपासून येतेस? तिने अजून हो म्हटलेलं नाही. ‘पहले आपसे पूछना था.’

चहाचं निमित्त करून आत गेले, ओट्याला धरून उभी राहिले. तेव्हा मनात जे आलं ते इथेही लिहिणार नाही.

मग चहा घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, ‘सकाळी अकरानंतर खिडकीतून ऊन सरळ त्या खुर्चीवर येतं. पहिल्याच दिवशी टेबल सरकवून घे.’